एका घराला एक पुट

शहापुरात मी कुठल्या दुकानात भाव पाडायला बसलो की अजूनही एखादा म्हातारा गालात हसतो आणि शेजारच्याला सांगतो, "जपून रं, बहिणीच्या गल्लीचा रंग उतरवणारा गडी हाय ह्यो." त्याला वाटतं जुनी गंमत आहे. मला तशी वाटत नाही. या गोष्टीला तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली. माझे केस गेले, दात गेले, पण ते वाक्य कानावर पडलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी काही फार सरळ माणूस नाही. धंद्यात मी ओल्या सुताच्या लडी वजनाला घातल्या आहेत. कच्चा रंग पक्का म्हणून गळ्यात मारला आहे. समोरचा अडला आहे हे ओळखून भाव वर नेला आहे, आणि तो निघून जायला लागला की चपला घालायच्या आत खाली आणला आहे. यातल्या एकाही गोष्टीबद्दल शहापुरात मला कोणी कधी बोललं नाही. उलट हुशार म्हणाले. जन्मात एकच काम मी सुईच्या टोकाएवढीही लबाडी न करता केलं, आणि लबाडीचा शिक्का बसला तो नेमका त्याच कामाबद्दल. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

मी निळीचा रंगारी. खेड्यातून आलो तेव्हा अंगावर होतं तेवढंच कापड होतं. दुसऱ्याच्या रांजणात हात घालून कोपरापर्यंत निळा झालो, टाकळ्याचं बी, चुना आणि गूळ घालून रांजण कसा आंबवायचा ते बघून बघून शिकलो, आणि पुढे स्वतःचे तीन रांजण जमिनीत पुरले. माझी थोरली बहीण, आक्का, शहापुरातच दिलेली होती. तिचा नवरा गेला तेव्हा ती स्वतः मागावर बसली. बाईमाणसानं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणायचं हे लोकांना बघवत नव्हतं, पण तिचा हात असा बसलेला होता की पुढे लोक गप्प झाले. तो माग हेच तिचं घर होतं. माग गेला असता तर कंग्राळीला दिराच्या दारात जाऊन त्याच्या शेतात राबायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं असतं. दिराचा स्वभाव मला माहीत होता. तो वाटच बघत होता.

प्लेग पुन्हा आला त्या साली गल्लोगल्ली उंदीर मरून पडायला लागले. घरात उंदीर पडला की माणसं भांडीकुंडी उचलून माळावरच्या झोपड्यांत जायची. मागवाले मात्र जाऊन जाऊन कुठं जाणार? माग काही डोक्यावर घेऊन माळावर नेता येत नाही. तशात हुबळीकडचे व्यापारी लुगडी घ्यायला येईनात. आले तरी हात लावायच्या आधी विचारायचे, माल कुठल्या गल्लीतला. सगळ्या शहापुराचा माल एकाच भीतीखाली अडकला.

तेव्हा आमच्या सर्वांत मोठ्या पेढीच्या सावकाराच्या डोक्यात एक युक्ती आली. युक्ती चांगली होती, हे मी आजही म्हणतो. मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर शिंप्याकडून काळ्या दोऱ्यानं शहापुरातल्या सगळ्या गल्ल्या काढून घ्यायच्या. प्रत्येक गल्लीच्या जागी रंगीत कापडाचा तुकडा टाचायचा. जितक्या जास्त घरांत उंदीर पडले तितका रंग गडद. माणूस फिरवून दर आठवड्याला घरं मोजायची आणि तुकडे बदलायचे. ते कापड पेढीच्या भिंतीवर राहील. गिऱ्हाईक येईल, बघेल, आणि स्वच्छ गल्लीतला माल निर्धास्त घेईल. बाकीच्या गल्ल्यांनी थोडं थांबायचं, उंदीर थांबले की त्यांचाही रंग उतरेल.

तुकडे रंगवायला सावकारानं मला बोलावलं. त्याला लाल हवा होता, लांबून दिसतो म्हणून. मी सरळ नाही म्हटलं. पेढीत निम्मी लुगडी लाल काठाची. भिंतीवरच्या लालाला रोग म्हटलं तर गिऱ्हाईक मांडीवरच्या लालाकडे कसं बघेल? सावकार विचारात पडला. मग म्हणाला, हिरवा. हिरवा नवरीचा चुडा. पिवळी हळद. काळ्याचं नाव काढलं तर संक्रांतीच्या काळ्या लुगड्यांचं काय करायचं? तासभर आम्ही एकेक रंग भाजीसारखा निवडून टाकत होतो. शेवटी तो चिडून म्हणाला, "मग काय पांढऱ्याला पांढरं रंगवतोस व्हय रं?"

मी म्हटलं, निळा. निळी लुगडी रानात राबणाऱ्या बायका नेसतात, त्या भिंतीकडे बघत नाहीत, पोत चोळून बघतात. शिवाय निळा एकच रंग असा आहे की त्याला पाहिजे तेवढं चढवत नेता येतं. आणि निळीचे रांजण माझ्या घरी होते, हेही मी लपवत नाही.

आता माझी चूक. ती माझीच होती आणि ती फक्त रंगाऱ्याच्याच हातून व्हायची. आम्ही निळीचा हिशोब पुटांवर करतो. सूत रांजणात एकदा बुडवून वाऱ्यावर वाळवलं की एक पुट. गिऱ्हाईक सांगतं तीन पुटं द्या, पाच पुटं द्या, आणि त्यावर मजुरी ठरते. म्हणून मी पटकन सांगून टाकलं, एका घराला एक पुट. कोरा तुकडा म्हणजे उंदीर नाही. एका घरात पडला तर एक पुट, दोन घरांत दोन, असं आठपर्यंत. आठाच्या पुढे कितीही घरं असोत, आठच. सावकाराला ते फार आवडलं. कोणालाही पटेल असं सरळ होतं. मलाही माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

दोन आठवडे ठीक चाललं. हुबळीचे व्यापारी आले, कोऱ्या गल्ल्यांतला माल गेला. तिसऱ्या आठवड्यात आक्काच्या गल्लीत एका घरात उंदीर पडला. एकाच घरात, गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्या गल्लीवर एक पुटाचा तुकडा लागला. आक्काची सहा लुगडी तयार होती, लग्नाच्या हंगामासाठी विणलेली. ती घेऊन ती पेढीवर गेली आणि तशीच परत आली. गुमास्त्यानं गाठोडं सोडूही दिलं नाही.

मी तणतणत पेढीवर गेलो. सावकार आत होता म्हणून मला गिऱ्हाइकाच्या बैठकीवर बसवलं. मी तिथं तोपर्यंत कधी बसलो नव्हतो. मी नेहमी भिंतीजवळ उभा, हातात तुकडे, नाकासमोर कापड. बैठकीवरून ते कापड मी पहिल्यांदा बघितलं.

कोऱ्याच्या शेजारी एक पुटाचा आसमानी एवढा उठून दिसत होता की नजर पहिली तिथंच जायची. आणि सहा, सात, आठ पुटांच्या गल्ल्या? सगळ्या एकसारख्या. चार पुटांची गल्लीसुद्धा त्यांच्यातलीच वाटत होती. तिथून बघणाऱ्याला दोनच गोष्टी कळत होत्या: पांढरं आणि निळं. एक उंदीर पडलेली गल्ली आणि आठ घरं ओस पडलेली गल्ली, दोन्ही निळ्या. समोर एक व्यापारी बसला होता. तो सांगतही होता, पांढऱ्या गल्लीतलं असेल तेच काढा.

कोरं कापड पहिल्या बुडीला आधाशासारखी नीळ पितं. दुसऱ्या बुडीला त्याहून कमी. आठव्या बुडीला जवळजवळ होतं तसंच बाहेर येतं. हे काय मला माहीत नव्हतं? रोज माझ्या हाताखालून जात होतं. पण आम्ही तुकडा हातात धरून, दारातल्या उन्हात तिरपा करून बघतो; तेव्हा सात आणि आठ वेगळे दिसतात. मी माझी मेहनत मोजली होती. बघणाऱ्याचे डोळे मोजले नव्हते.

घरी आलो आणि चार दिवस दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. पुटं मोजायचं सोडून दिलं. नीळ संपत आलेल्या, थकलेल्या रांजणातलं पाणी घेतलं, त्यात आणखी पाणी घातलं, आणि परटाच्या निळीहून जरा जास्त एवढाच रंग पहिल्या तुकड्याला दिला. तिथून पुढे वीस-बावीस छटा केल्या. देवळाच्या भिंतीवर त्या चिकटवल्या, पेढीच्या बैठकीपासून भिंत जितकी पावलं लांब तितकी पावलं मोजून उभा राहिलो, आणि पाण्याला जाणाऱ्या बायकांना हाक मारून शेजारशेजारचे दोन तुकडे दाखवून विचारायला लागलो, यातला गडद कुठला? जिथं बाई थबकली ती जोडी बाद. जिथं तिनं चालता चालता बोट दाखवलं ती जोडी ठेवली. एकीनं मला वेड लागलं म्हणून घरी निरोप पाठवला. मला हवं होतं एवढंच की एका पायरीपासून दुसरी पायरी डोळ्याला सारखीच लांब वाटावी, खालीही आणि वरही. वरच्या टोकाला तर नीळ पुरेनाच. आठ पुटांवर हिरड्याचं आणि लोखंडाचं पाणी चढवून काळसर केला, तेव्हा कुठं शेवटची पायरी वेगळी दिसली.

नवे तुकडे घेऊन मी पेढीवर गेलो. दुपारची वेळ, बैठक भरलेली. मी सावकाराला हात धरून भिंतीपासून बैठकीवर आणला, जुने दाखवले, नवे दाखवले. त्याला कळलं. त्याच्या डोळ्यांत मी बघितलं, त्याला लख्ख कळलं. पण तो माझ्याकडे न बघता बैठकीकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"एका घराची गल्ली फिकी करून आणलास. तुझी आक्का ऱ्हातीय ती न्हवं का?"

बैठक हसली. मी ओरडून सांगायला लागलो की एकाच घरात उंदीर पडलाय अशा चार गल्ल्या आहेत, चारही सारख्याच फिक्या झाल्या आहेत. आणि आठाच्या दोन गल्ल्या मी पहिल्यापेक्षा काळ्या केल्या आहेत, त्या कोणाच्या बहिणीच्या? कोणी ऐकलं नाही. चार फिक्या झालेल्यांतली एक तेवढी सगळ्यांना दिसली, त्या दोन काळ्या कोणाला दिसल्या नाहीत. सावकारानं माझे तुकडे गुंडाळून माझ्या हातात दिले आणि सांगितलं, भिंतीवरचं आहे तेच राहील.

का राहील, ते मला तीन दिवसांनी कळलं. आक्काकडे गेलो तर ती गाठोडं बांधत होती. पेढीचा गुमास्ता मागच्या दारानं येऊन गेला होता. गल्ली निळी आहे, माल कोणी घेणार नाही, पण तुझी अडचण बघून सावकार घेतील म्हणाला, आणि सुताचाही खर्च निघणार नाही असा भाव सांगून गेला. ती द्यायला निघाली होती. शेजारच्या दोघांनी आधीच दिली होती. मी चौकशी केली तर दोन, तीन, आठ पुटांच्या, सगळ्याच निळ्या गल्ल्यांत गुमास्ता मागच्या दारानं फिरत होता. म्हणजे पुढच्या दारी भिंतीवर जितकं निळं दिसेल, तितका मागच्या दारी माल स्वस्त. माझी चूक सावकाराला अगदी पाहिजे तशी झाली होती. ती मी दुरुस्त केलेली त्याला कशी परवडणार?

मी आक्काला सांगितलं, गाठोडं सोड. आणि तडक पेढीवर गेलो.

सावकार हुबळीच्या दोघांपुढे निळ्या काठाचं एक लुगडं उलगडत होता. पांढऱ्या गल्लीतलं, असं सांगत होता. मी काठाकडे बघितलं. काठावर दर वितीला एक बारीक पांढरा ठिपका येत होता. लड रंगवताना मी दोरी घट्ट बांधली होती, गाठीखाली नीळ शिरली नव्हती. ते सूत ज्याचं, त्या मागवाल्यानं त्याच ठिपक्यांवरून माझ्याशी भांडण काढलं होतं. तो आठ पुटांच्या गल्लीतला होता. मी बैठकीवर चढलो, काठ बोटात धरला आणि हुबळीवाल्यांना विचारलं, "ही नीळ माझी हाय. हे सूत कुठल्या गल्लीत गेलतं, मी सांगू का सावकार सांगतेत?"

सावकाराचा चेहरा पडला. मला त्या क्षणी काय सुख झालं ते सांगत नाही. पण माझा राग मला तेवढ्यावर थांबू देईना. मी ते भिंतीवरचं कापड ओढून खाली पाडलं आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून गुमास्ता कुठं कुठं फिरला ते सांगत सुटलो. हुबळीवाले उठले, काही न घेता गेले. आणि दोन बाजार शहापुरात बाहेरचा एकही व्यापारी फिरकला नाही. आता पांढऱ्या गल्ल्यांचाही माल पडून राहिला.

मग मागवाले माझ्या दारात आले. सावकाराच्या नाही, माझ्या. बहिणीचं लुगडं खपेना म्हणून ह्यानं सगळ्यांचं बंद पाडलं, असं म्हणाले. त्यांचा राग अगदीच खोटा नव्हता, हे मी आज म्हणतो. तेव्हा म्हटलं नाही. तेव्हा मी त्यांनाही शिव्या घातल्या.

रोगाचा संशय नको म्हणून आक्काची सहा लुगडी आठ दिवस उन्हात टाकली, उलटीसुलटी केली, आणि मी बैलगाडी धरून निपाणीला गेलो. तिकडे तंबाखूला बरा भाव आला होता, लग्नं जोरात निघणार होती. एका जैन व्यापाऱ्याच्या घरी लग्न आहे असं कळलं. मी कधी लुगडी विकली नव्हती, मला फक्त रंग विकता येत होता. त्या गृहस्थानं कानडीत "बर्री, कुंदर्री", या, बसा, म्हणत ओसरीवर बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि माल कुठला ते विचारलं. खोटं बोलणं मला काही जड नव्हतं. पण मी इतका चिडलेला होतो की खरं तेच तोंडातून निघालं. शहापूरचा माल. गल्लीत एका घरात उंदीर पडला. लुगडी आठ दिवस उन्हात होती. घ्यायची तर घ्या.

"एकच पडला?"

"एकच."

"आमच्या ह्या गल्लीत तीन पडलेत," तो म्हणाला. "दावा लुगडी."

भावाला तो माझ्याहून कडक होता. दुपारपासून दिवे लागेपर्यंत आम्ही बसलो. तो दोनदा उठून आत गेला, मी दोनदा गाठोडं बांधलं. पण एका घराला एकच घर म्हणणारा माणूस मला सबंध महिन्यात तो पहिला भेटला होता, म्हणून शेवटी मी थोडा उतरलो. सहाही लुगडी गेली. दिवाळीला आणखी आणायला सांगितलं. आक्काचा माग राहिला.

परत आलो तेव्हा आक्कानं गरम भाकरी वाढली. तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा उजेड होता. तव्यावरची दुसरी भाकरी उलटताना ती म्हणाली, "माझी गल्ली फिकी केलास म्हणून लोक बोलतेत. बोलू देत. भावानं न्हाय करायचं तर कोण करणार रं?"

मी घास ताटात ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. चार गल्ल्या सांगितल्या, दोन काळ्या सांगितल्या, देवळाची भिंत, पाण्याला जाणाऱ्या बायका, मोजलेली पावलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि हट्टी पोराला म्हणावं तसं "व्हय, व्हय" म्हणत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, आणि ते मी न केलेल्या गोष्टीसाठी होतं. सावकाराचं बोलणं वर्षभरात विरून गेलं असतं. त्याची पेढीही पुढे राहिली नाही. पण आक्का ज्याला त्याला, पुढची कितीतरी वर्षं, अभिमानानं हेच सांगत राहिली, आणि सख्खी बहीण सांगते म्हटल्यावर कोण खोटं धरणार?

मी ताटावरून उठलो. हात धुऊन बाहेर आलो तर ती परड्यात उभी राहून शेजारणीला तेच सांगत होती, आणि शेजारीण माझ्याकडे बघून कौतुकानं मान डोलावत होती.